सुकापूरच्या खोलीचं भाडं

“सोडा!”

“तुम्ही सोडा!”

आमची पहिली भेट ही अशी. न्यू पनवेलच्या सुपरमार्केटात, ‘एकावर एक मोफत’च्या रॅकसमोर. हँडवॉशच्या दोन बाटल्या चिकटपट्टीने एकत्र बांधलेल्या, शेवटची जोडी. एका बाटलीवर माझा हात, दुसरीवर त्याचा.

“मी आधी बघितली,” मी म्हटलं.

“मी आधी धरली,” तो म्हणाला आणि हसला. “असं करू... एक तुमची, एक माझी. पैसे निम्मे. मी एकटा माणूस, दोन बाटल्या संपवायला किती वेळा हात धुऊ?”

एकशे पंच्याहत्तरचे निम्मे साडेसत्याऐंशी. “वरचे पन्नास पैसे सोडले तुम्हाला,” तो ऐटीत म्हणाला. मी कुणाचे पैसे बुडवत नाही! साडेसत्याऐंशीच पाठवले मोबाइलवरून. त्यासाठी त्याचा नंबर घ्यावा लागला, माझा नाइलाज होता. नाव आलं, कुंदन. गालावर खळी पडते हे मी आधीच बघून ठेवलं होतं.

मी ऋचा. आई आणि मी सुकापूरला राहतो, फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो. त्यामुळे काटकसर माझ्या हाडात मुरलेली. कुंदन माझ्यापेक्षा एक पाऊल पुढे. जवळच्याच कोन गावातल्या एका गोदामात सुपरवायझर, सुकापूरलाच भाड्याच्या खोलीत राहायचा. पुढच्या रविवारी त्याचा मेसेज आला, ‘कांद्याची गोणी स्वस्त आहे. निम्मी घेणार?’ मग तेलाचा डबा. मग तांदूळ. घाऊक बाजारातून माल आणायचा, आमच्या जिन्याखाली वजनकाटा मांडायचा आणि दोन वाटे करायचे. महिन्याला माझे हजारभर रुपये वाचू लागले. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही.

खरं सांगू? पुढेपुढे मी रविवारची वाट कांद्यासाठी बघत नव्हते.

मे महिन्यात एका दुपारी आम्ही उसाच्या रसाच्या दुकानात बसलो होतो. एक फुल ग्लास, दोन रिकामे मागवून. तो म्हणाला, “खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपतोय. मालक साडेआठ हजारांचं भाडं हजाराने वाढवतोय. ठेवू... की सोडू? घरी, उरणजवळ करंजाला आईकडे जाऊन राहता येईल, पेट्रोल धरूनही स्वस्त पडेल.”

मी ग्लास खाली ठेवला.

“तू हिशोबाची पक्की,” तो माझ्याकडे रोखून बघत म्हणाला. “सांग ना.”

आणि माझी जीभ! आयुष्यभर बचतीचे सल्ले देऊन सरावलेली. “घरचं घर असताना भाडं कशाला? सोड.”

“सोडू?”

“हो... म्हणजे... हिशोबाने तरी.”

त्याने रस एका घोटात संपवला. “बरं. रविवारी पनवेलच्या उरण नाक्यावर ये. आगोटची खरेदी करू, पावसाळ्याच्या चार महिन्यांची सुकी मासळी. मग मालकाला काय ते सांगतो.”

चार दिवस मी स्वतःलाच शिव्या घालत होते. काय बिघडलं असतं ‘नको जाऊस’ म्हणाले असते तर? पण कुठल्या तोंडाने म्हणणार? त्याने मला सल्ला विचारला होता, दुसरं काही विचारलंच नव्हतं.

रविवारी मी अर्धा तास आधीच पोहोचले. नुसतं उभं राहवेना, म्हणून एका मावशींच्या पाटीपुढे बसले आणि सगळा राग बोंबलांवर काढला.

“मावशी, हा काय भाव झाला? शेंडे तुटलेत. शंभर कमी करा.”

“बाय, आख्खा कवा खाल्लास तू? पोटात जाऊन सगलं तुटतंच.”

“ऐंशी तरी.”

“तीस.”

“साठ! आणि वर मूठभर जवळा.”

मावशींनी कंबरेवर हात ठेवले. तेवढ्यात मागून आवाज आला, “आये, जमला का गो भाव?”

कुंदन! आणि ‘आये’? म्हणजे मी त्याच्या आईशीच घासाघीस करत होते!

“हीच काय रं ती सुकापूरची?” मावशींनी, म्हणजे गुणाबाईंनी, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बरा झाला आलीस. तूच सांग याला चार शब्द. तीन महिनं झालं ह्याचा गोदाम द्रोनागिरीला गेलाय. आमचं घर तिथून धा मिन्टांव. आन ह्यो भाडं भरतंय सुकापूरला! रोज तीस किलोमीटर गाडी हानतंय. पेट्रोल काय फुकाट हाय?”

“आये, गप ना!” कुंदनचे कान लाल झाले.

माझ्या डोक्यात आकडे आपोआप मांडले गेले. भाडं साडेआठ हजार, तीन महिने. वर रोजचं पेट्रोल. कुंदन! पन्नास पैशांवर ऐट मारणारा माणूस! माझं काळीज असं उड्या मारू लागलं की शेजारच्या पाटीवालीलाही ऐकू गेलं असेल.

“तीन महिने?” मी विचारलं. “पंचवीस हजारांच्या वर... कशासाठी?”

“द्रोणागिरीला कांदा महाग आहे,” तो पुटपुटला.

“कुंदन.”

“तुझ्यासाठी!” तो एका दमात म्हणाला. “तिकडे गेलो तर रविवारी निम्मा वाटा मागायला कुठल्या कारणाने येणार होतो? तुझ्यावर प्रेम आहे माझं. म्हणून तर विचारलं ठेवू की सोडू... आणि तू सोड म्हणालीस.”

“मग सोड.”

त्याचा चेहरा पडला. गुणाबाईंचा हातही बोंबलांवर थबकला.

“अजूनही तेच सांगते,” मी म्हटलं. “खोली सोड आणि ते साडेआठ हजार दर महिन्याला बँकेत टाक. मीही टाकेन. पुढच्या वर्षी आपल्या दोघांना घर बघावं लागेल, त्याचं डिपॉझिट काय आकाशातून पडणार आहे?”

त्याच्या गालावर ती खळी पडली, एकदम खोल.

“आगो बाय!” गुणाबाईंनी कपाळावर हात मारला आणि डोळे पदराने पुसत भराभर पिशवी भरायला घेतली. मी पर्स उघडली, तर त्या माझ्यावरच खेकसल्या, “ठेव ती आत! घरच्यानला कवा इकतात काय?”

कुंदनने भर बाजारात माझा हात धरला. मी सोडवला नाही.