हजार किलोमीटरांची भीती

वेगशाळेच्या, म्हणजे गाड्यांच्या चाचणीकेंद्राच्या, नियंत्रणकक्षात शलाका पेंडुरकर पडद्यासमोर उभी होती. पडद्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे तिची लेक ज्ञानदा. आईसारखीच चाचणीस्वार झालेली ही पोर नव्या मोटरसायकलवरून कोंडाईचा घाट उतरू लागली होती.

या गाडीचं इंजिन 'सवयधातू'चं होतं. पहिल्या हजार किलोमीटरांत स्वार जसा चालवेल तशी त्या धातूला सवय लागायची आणि मग ती कायमची मुरायची. ते हजार किलोमीटर शलाकानेच काढले होते, पहिल्या गाडीवर, काटा चाळीसच्या वर न नेता. मुरलेली सवय ज्ञानदाच्या या दुसऱ्या गाडीत जशीच्या तशी उतरवली होती. उद्या गिऱ्हाइकाला महिनाभर रखडत गाडी चालवायला नको, एवढाच त्यामागचा विचार.

"शलाकाताई, एक विचारू?" हे इंजिन बनवणारे डॉ. हेरवाडकर कागद चाळत म्हणाले. "गाडी रनिंगमध्ये होती, त्या पहिल्या हजार किलोमीटरांत, तुम्हाला ताप होता का?"

"नाही. का हो, सर?"

"मुठीतून इंजिन स्वाराची नाडी वाचतं. तुमची सरासरी एकशे बारा आलीय. मला वाटलं, गाडीच्या थरथरीने आकडा चुकत असेल."

आठ वर्षांपूर्वी याच घाटात शलाका पडली होती, नडगीत सळई टाकावी लागली होती. तेव्हापासून गाडीवर टांग टाकली की तिला भीती वाटायची. हे कळलं तर नोकरी जाईल, आणि लेकीला कळलं तर? लेकीसमोर ती कायम वाघीण. स्ट्रेचरवरूनसुद्धा तिने बारा वर्षांच्या ज्ञानदाला डोळा मारला होता. पण आत्ता लेक त्याच इंजिनावर होती; लपवून चालणार नव्हतं.

"ती भीती होती, सर," ती म्हणाली. "सगळे हजार किलोमीटर."

हेरवाडकरांचा चेहरा उतरला. "मग इंजिनाच्या लेखी जागा माणूस म्हणजे एकशे बारा. नाडी फार खाली राहिली, तर त्याला वाटणार स्वाराला झोप लागली. ते बंद होईल."

"होऊ दे की. ब्रेक लावून थांबेल ती."

"ब्रेकला ताकद इंजिनच देतं, ताई."

पडद्यावर ज्ञानदाची नाडी होती अडुसष्ट. बघता बघता इंजिनाची रेघ आडवी झाली.

शलाकाने माईक ओढला. "ज्ञाना!"

"आई, इंजिन बंद पडलं!" हेल्मेटमधून हसू ऐकू आलं. "पण उतारच आहे. पेट्रोल वाचवायला तू न्यूट्रलवर सोडायचीस ना, तशी सोडलीय!"

"ब्रेक लाव."

"नीट लागत नाहीये. लागेल गं, तू नको काळजी करू."

नाडी एकोणसत्तर. वेग साठ, आणि वाढतच होता. पुढे सातशे मीटरवर तेच वळण, जिथे शलाका पडली होती.

"तिला घाबरवा," हेरवाडकर म्हणाले. "नाडी शंभरावर गेली की इंजिन सुरू होईल. काहीही सांगा!"

घाबरवायचं कसं? अंधार, साप, कशालाच न बिचकणारी पोर. तीही शलाकाच्याच हाताखाली मुरली होती. आडातच भीती दिसली नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

"ज्ञाना, ऐक." शलाकाचा आवाज फाटला आणि तिने तो सावरला नाही. "मी घाबरलेय. आजच नाही, आठ वर्षं. स्ट्रेचरवर डोळा मारला ना, तेव्हा वाटत होतं मी मरणार. आत्ता वाटतंय तू... पुढचं वळण तेच आहे गं, आणि मला काही करता येत नाहीये!"

ती हमसून रडू लागली. लेकीने तिला असं कधीच ऐकलं नव्हतं.

पलीकडचं हसू थांबलं. "आई? तू रडतेस?"

नाडी ऐंशी. शहाण्णव. एकशे चौदा.

इंजिनाची रेघ उसळली. "ब्रेक!" शलाका ओरडली. टायर करकरले आणि ठिपका वळणाच्या जरा अलीकडे थांबला.

"थांबले," ज्ञानदा हुंदके देत म्हणाली. "आई, माझे हात थरथरतायत."

वर्षानुवर्षांच्या सवयीने शलाकाच्या ओठांवर 'घाबरू नकोस' आलं. पण गाडी अजून उतारावरच होती, नुसत्या ब्रेकवर उभी, आणि ब्रेक इंजिनावर. तिने ते शब्द गिळले.

"घाबर, बाळा," ती म्हणाली. "गाडीवरून उतरेपर्यंत घाबरलेलीच राहा. मीही आहेच."