पायाळूची कंबर

"मारा की एकदाची लाथ!"

भिंतीला टेकून, त्याच्याकडं पाठ करून मी उभी होते. वर्षभर ठणकणारी कंबर, आणि वर ही शोभा!

जन्मताना पायाकडून आलेला तो पायाळू. त्यानं लाथ मारली की धरलेली कंबर सुटते, असं आमच्या शेवंतामावशीचं ठाम मत. म्हणून तिनं मला तळेगाव ढमढेऱ्याहून शिरूरला, पायाळू रोहनच्या सायकलच्या दुकानात आणलं. मावशी चहा सांगायला गेली तसा तो पुटपुटला, "न्हाई मारणार."

"का? पाय आखडलाय?"

"कंबर..." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "माझीबी दुखती. आपलीच लाथ आपल्या कमरेला पोचत न्हाई ना!"

मी खळखळून हसले. कितीतरी महिन्यांनी.

तो गुपचूप एसटी स्टँडमागं फिजिओथेरपीला जायचा. मीही जाऊ लागले. मधे पडदा, पलीकडून त्याचा आवाज —

"गौतमी, श्वास सोडा. माझ्यासाठी रोखून धरू नका."

"तुमच्यासाठी? तोंड बघा आरशात!"

तिथल्या मॅडम म्हणायच्या, "दुखेल या भीतीनंच माणूस जास्त आखडतो." खरंच होतं ते. कंबर अधूनमधून दुखायची, पण मला झोप लागू लागली. मी पुन्हा गाणी गुणगुणायला लागले.

तेवढ्यात दौंडचं स्थळ आलं. "दुखण्याचं नाव काढायचं न्हाई," मावशीनं बजावलं. मी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि सांगून टाकलं, "माझी कंबर दुखते. लपवून मी नांदणार नाही."

पाहुणे पोहे टाकून उठले.

मावशीनं मला तडक रोहनच्या दुकानात नेलं. लाथ खायला आलेली माणसं बाकावर बसलेली. "मार हिला लाथ! सोन्यासारखं स्थळ घालवलं!"

रोहननं हातातला पाना खाली ठेवला. बोलला तर त्याची अब्रू जाणार, गप्प बसला तर माझ्या मनातून उतरणार.

"मावशी, लाथेनं काय व्हत न्हाई. माझीच कंबर दुखती. मीबी हिच्यासंगं व्यायामाला जातो."

"आयला, पायाळूच आखडला की!" बाक हसलं. त्याचे कान लाल झाले.

"हसा! पण हिला नावं ठेवायची न्हाईत. आन् गौतमी... तुझी हरकत नसंल तर मी लग्नाचं विचारतोय."

"अरं, दोघंबी कमरेनं गेलेली!" मावशी कडाडली. "हंडा कोण उचलणार?"

"दोघं मिळून उचलू," मी म्हणाले. "पण रोहन, एक अट. आपल्या घरात कुणी कुणाला लाथ मारायची नाही. औषध म्हणूनसुद्धा."

"कबूल!"

मग सगळ्यांदेखत मी त्याचा ग्रीसनं माखलेला हात धरला.