दिवा लागत न्हाई

काखेत रबरी माणूस घेऊन एक तरुण जालन्याच्या त्या बियाण्यांच्या कंपनीत शिरला, अन् स्टोअर सांभाळणाऱ्या रजनीला हसू आवरेना.

"हे कोण? पाहुणे का?"

"पेशंट आहेत. अन् मी मुकुंद, औरंगाबादहून आलोय. बंद पडलेलं हृदय झटका देऊन चालू करायचं मशीन घेतलंय ना तुमच्या मालकांनी… ते शिकवायला."

"चालू करता व्हय? बंदबी पाडत असाल!"

बोलून गेली अन् कानापर्यंत लाल झाली. टेंभुर्णीची ही पोरगी अशीच, तोंडानं फटकळ अन् मनानं भित्री.

मुकुंदनं सगळ्यांना छाती दाबायला शिकवलं. मशीन भिंतीवर लागलं. त्याचा हिरवा दिवा रोज बघायचं काम रजनीकडं आलं.

"दिवा लागला नाही तर लगेच फोन करा, मॅडम. मी येतो."

तिनं ऐकलं ते एवढंच… मी येतो.

पण मेला तो दिवा काही विझेना! दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घातला, तरी तो आपला लुकलुकतोच आहे. शेवटी तिनंच हळूच बॅटरी काढली अन् फोन लावला, "दिवा लागत न्हाई हो…"

तो आला. तोवर तिनं बॅटरी अर्धवट अडकवून ठेवली होती. त्यानं ती दाबून बसवली, चहा घेतला.

"ढिली झाल्ती वाटतं," तो तिच्याकडं बघत म्हणाला.

"झाली असंल," ती बशीकडं बघत म्हणाली.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा 'ढिली' झाली. अन् संक्रांतीनंतर पुन्हा.

त्या तिसऱ्या खेपेला फोन करून तास उलटला होता. ती वेणी सारखी करत होती, तोच यार्डात आरडाओरड झाली. पोती उचलणारे तातेराव धाडकन पडले होते. मुकुंद नुकताच फाटकातून आत येत होता. पिशवी फेकून तो धावला अन् त्यांची छाती दाबायला लागला.

"मशीन आणा, जल्दी!"

कुणीतरी आणलं. दिवा नाही, मशीन मुकंच. मुकुंदनं हात न थांबवता मान वर केली अन् रजनीकडं नुसतं पाहिलं.

बॅटरी तिच्या जेवणाच्या पिशवीत होती, भाकरीच्या फडक्याखाली.

ती पळाली. यार्ड संपता संपेना. परत येऊन तिनं बॅटरी बसवली, हिरवा दिवा लागला. मुकुंदनं मशीनच्या पट्ट्या तातेरावांच्या छातीवर चिकटवल्या.

"दूर व्हा सगळे!"

तातेरावांचं अंग उसळलं. मुकुंद पुन्हा दाबायला लागला… अन् बियाण्याच्या औषधानं गुलाबी झालेली तातेरावांची बोटं हलली.

"पोरीनं काय पळून बॅटरी आणली!" जो तो म्हणायला लागला. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

दवाखान्यात तातेरावांच्या बायकोनं, झुंबरबाईनं, रजनीचे दोन्ही हात धरले. "माझं कुंकू राखलंस गं माय!" अन् ती पाया पडायला वाकली.

रजनी मागं सरकली. "नका, मावशी… बॅटरी मीच काढल्ती."

"कशापायी?"

रजनीची नजर दाराकडं गेली. तिथं मुकुंद उभा होता. झुंबरबाईनं दोघांकडं पाहिलं अन् हात सोडले.

"याला बोलवायला? अन् माझा धनी गेला असता म्हंजे?"

रजनीनं तोंडाला ओढणी लावली.

"चूक माझीबी आहे, मावशी," मुकुंद खालमानेनं म्हणाला. "मला दुसऱ्या खेपेलाच कळल्तं. यायला आवडायचं, म्हणून गप बसलो."

झुंबरबाईनं पदरानं डोळे पुसले. "ये म्हणायला तोंड न्हाई का दिलं देवानं?" एवढं बोलून ती आत नवऱ्यापाशी गेली.

रजनीनं मालकांनाही सगळं सांगितलं. दिवा बघायचं काम वॉचमन बद्रीनाथकडं गेलं. मालक रागानं बोलले ते बोलले, पण बरे होऊन आलेले तातेराव "काय रजनीताई, जेवल्या का?" म्हणायचे, तेव्हा ती हातातली भाकरी पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायची. कितीतरी दिवस तिनं त्या भिंतीकडं पाहिलं नाही, की फोन केला नाही. त्याचाही आला नाही.

मग एका दुपारी ती मशीनसमोर जाऊन उभी राहिली. बघितलं, पुन्हा नीट बघितलं, अन् फोन लावला.

"दिवा…"

"विझला?" मुकुंदचा आवाज एकदम चिरकला.

"न्हाई, न्हाई! लागलाय. बराबर लागलाय." "तरी… येता का?"



"बॅटरी कुठंय?"

"मशीनमधीच."

"मंग निघतो."