बारवेतले सायक्लोप्स

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, नवा कोरा होता, पाण्याचा मात्र पत्ता नव्हता. निलंग्याकडच्या त्या गावाची सगळी तहान एका बारवेवर येऊन टेकलेली. विशाखा झपाझप पायऱ्या उतरली, तर खाली एक तरुण पाण्यात औषध ओतत होता. ती तिथूनच ओरडली.

“अहो, काय टाकताय? माझे सायक्लोप्स मरतील ना.”

“मरावं म्हणूनच टाकायलोय, म्याडम,” तो शांतपणे म्हणाला.

झालं! विशाखाला खरं तर समुद्रातल्या प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांचा अभ्यास करायचा होता. सर म्हणाले, समुद्र लांब आहे, बारव जवळ आहे. मग ती दर महिन्याला जाळी घेऊन कॉलेजातून एसटीनं यायची. कोणत्या ऋतूत कोणता जीव वाढतो ते बघायची. उन्हाळ्यात पाणी आटलं की सायक्लोप्स नावाचे ठिपक्याएवढे पांढरे जीव दाटतात, हे आत्ता कुठं हाती लागत होतं. आणि हा आरोग्य खात्यातला रेवणसिद्ध तेच मारायला निघालेला! कारण सायक्लोप्स पाण्यातून पोटात गेला की नारू व्हायचा. ती तणतणली, तेव्हा त्यानं घोट्यावरचा जुना व्रण दाखवला. लहानपणी तिथून नारूचा हातभर लांब जंत निघाला होता. विशाखाचा राग जागच्या जागी जिरला.

मग तह झाला. आधी तिची जाळी, नंतर त्याचं औषध. औषधानं पाण्यात काय बदलतं, हाच तिचा नवा विषय. सरही खूश. आता ती दर आठवड्याला येऊ लागली, आणि तोही हजर!

बारवेचं पाणी बाटलीत घेऊन दोघं उन्हाकडं धरायचे... ती इकडून, तो तिकडून. पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारायचे. याचं लक्ष ठिपक्यांवर कमी आणि तिच्या डोळ्यांवर जास्त, हे घागर भरणाऱ्या भामाबाईंनी कधीच हेरलं होतं.

“सायेब, जंतू बाटलीत हायेत,” त्या म्हणायच्या, आणि विशाखाचे कान तापायचे.

ठिपके मात्र कमी होत चालले. त्याचं काम फत्ते होत होतं आणि ही उरलेले ठिपके पुन्हा पुन्हा मोजत होती. बारव निर्मळ झाली, की इथं यायचं तरी कशाला?

एके दिवशी रेवणसिद्धनं बाटली फिरवून फिरवून पाहिली.

“एक बी न्हाई?”

“एकही नाही.”

खरं तर त्यानं आनंदानं नाचायला हवं होतं. तो मटकन पायरीवर बसला.

“मग आता तुमी येणार न्हाईत...”

विशाखा जाळी गुंडाळता गुंडाळता थांबली. आत्ता नाही बोलले, तर जन्मभर हळहळत बसेन—

“सरांनी मागच्या महिन्यातच सांगितलं, अभ्यास पुरे झाला म्हणून,” ती पाण्याकडं बघत म्हणाली. “तरी येतेच आहे ना मी...?”

त्यानं मान वर केली. मग हळूच हसला.

“माझं औषध बी महिन्यातून एकदाच टाकायचं असतंय. दर आठवड्याला न्हाई.”

आणि त्यानं बाटली खाली ठेवून तिचा हात हातात घेतला.