तेवीस नंबरचं कीर्तन

"माझ्या नवऱ्याचा आवाज चोरीला गेलाय," नीलाकाकू खुर्चीत टेकता टेकता म्हणाल्या.

सुमंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते अमेरिकेतल्या ट्रॉय गावात आसावरीच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत फायली लावायला येत. फायली कमी, गप्पा जास्त. पण काकूंच्या यजमानांची, शशिकांतरावांची, कीर्तनं त्यांनी मांडी घालून ऐकली होती. आज त्यांना चहा जाईना.

हकीकत सरळ होती. तेवीस नंबरच्या स्थानिक टीव्ही चॅनेलने नेटवर्क बदललं होतं. नंबर तोच, पण रविवारपासून कार्यक्रम नव्या नेटवर्कचे. त्या गडबडीत जुना स्टुडिओ रिकामा होऊ लागला, आणि वीस वर्षांपूर्वी तिथे झालेल्या शशिकांतरावांच्या एकमेव कीर्तनाची टेप चॅनेलने महाराष्ट्र मंडळाला परत पाठवली. रविवारी दहाला मंडळाच्या हॉलमध्ये सत्यनारायण होता. नऊला टेप ऑफिसच्या फळीवर होती, पावणेदहाला नव्हती.

"ती चालवणारं मशीन फक्त चॅनेलकडे उरलंय, आणि शुक्रवारी ते भंगारात जाणार," काकू म्हणाल्या. "हे जाऊन अकरा वर्षं झाली. फोनवरचा निरोपसुद्धा राहिला नाही गं."

"टेप नाही हे आधी तुम्हीच पाहिलंत?" आसावरीने विचारलं.

"हो. खरं तर मी साडेनवाला निघणार होते. नऊला टीव्ही लावला तर पोरं अर्ध्या चड्डीत बॉलमागे धावत होती. म्हटलं, माझ्या हातून रिमोटचा पुन्हा घोळ झाला. बंद केला, लवकर आले नि सेक्रेटरीकडून ऑफिस उघडून घेतलं."

"टेपवर काय आहे?"

"सुदाम्याचं आख्यान. ते यांनी एकदाच केलं, त्या स्टुडिओत. पदं यांचीच. कांदे चिरताना रचायचे. डोळ्यांतलं पाणी नक्की कशाचं, ते मला कधी कळलं नाही."

मंडळाच्या ऑफिसच्या कुलपाचा नंबर तिघांना ठाऊक होता. आसावरीने तिघांनाही त्याच दिवशी गाठलं.

मंडळाचा सेक्रेटरी नरेंद्र वैतागलेला होता. "नऊला मीच खोका फळीवर ठेवला आणि विड्याची पानं आणायला गेलो. जुन्या वस्तूंचं म्युझियम झालंय यार ऑफिसचं. पण म्हणून मी चोरीन का?"

"दुकान दहाला उघडतं," सुमंतराव म्हणाले.

"मागच्या दाराने देतो तो पूजेचं सामान. विचारा त्याला."

काकूंची सून यामिनी हॉलच्या किचनमध्ये मंडळातल्या वीणाबरोबर शिरा करत होती. "टेप ऐकून आई आठवडाभर जेवणार नाहीत, असं मी म्हणाले होते, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण शिरा सोडून हलले असते तर करपला असता. आणि तुम्ही तर दोनदा घेतलात, काका."

सुमंतरावांनी घाईने वहीत पुढचं नाव काढलं.

तिसरा गुरुदत्त. दिवसा सॉफ्टवेअर, शनिवारी कीर्तन. पूर्वी शशिकांतरावांमागे झांज वाजवायचा. आता त्याची कीर्तनं स्टुडिओत रेकॉर्ड होऊन दर रविवारी नऊला तेवीसवर लागत. येत्या रविवारी त्याच्या सुदाम्याच्या पदांचं पुस्तक निघणार होतं.

"मी घरी होतो," तो म्हणाला. "माझंच कीर्तन बघत. साडेनवाला संपलं, नेहमीसारखी आरती कापली त्यांनी. मग निघालो."

"नेटवर्क बदललं तरी लागलं?" आसावरीने विचारलं.

"स्थानिक कार्यक्रमांच्या वेळा त्याच राहतील, असं पत्र आलंय ना. बोर्डावर लावलंय."

पत्र खरंच बोर्डावर होतं.

परतताना सुमंतराव गाडी चालवत म्हणाले, "मला नरेंद्रचाच संशय येतो. गुरुदत्त बिचारा नम्र. पदाच्या शेवटच्या चरणात कवीचं नाव येतं की नाही? हा स्वतःचं नावच घालत नाही. पद मध्येच पायरी चुकल्यासारखं संपतं."

आसावरीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "काका, हे तुम्ही मला सकाळी का नाही सांगितलंत?"

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना मंडळाच्या ऑफिसात बोलावलं.

"यामिनी आणि वीणा एकमेकींसमोर होत्या. दुकानदाराने नरेंद्रला सव्वानऊला मागच्या दाराने पानं दिली. राहिले गुरुदत्त. तुम्ही रविवारी नऊला काय पाहिलंत?"

"सांगितलं ना. कीर्तन."

"नव्या नेटवर्कवर रविवारी सकाळी इंग्लंडहून फुटबॉल लाइव्ह असतो. चॅनेलने वेळ पाळायचं पत्र लिहिलं, पण ते त्यांना पहिल्याच रविवारी जमलं नाही. कीर्तन साडेअकराला लागलं. मी चॅनेलला फोन करून विचारलं. साडेअकराला आपण सगळे इथे कथा ऐकत होतो, म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं नाही. काकूंचा रिमोट चुकला नव्हता. तेवीसवर बॉलच होता."

गुरुदत्तने हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली.

"चोरीचं कारण काकांनी सांगितलं, नकळत. तुमची पदं शेवटच्या चरणाआधी थांबतात, कारण त्या चरणात नाव शशिकांतरावांचं आहे. टेप वाजली असती तर पुस्तकाआधी तो चरण सगळ्यांनी ऐकला असता."

सुमंतरावांनी स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. त्या पदांवर त्यांनी किती रविवार टाळ्यांचा ठेका धरला होता.

"टेप गाडीत आहे," गुरुदत्त जमिनीकडे बघत म्हणाला. "फेकून द्यायला दोनदा थांबलो. हात उचलला नाही. काकू, तुम्ही कधी काही बोलला नाहीत, मला वाटलं तुम्ही पदं विसरलात."

"विसरीन कशी?" नीलाकाकू म्हणाल्या. "पहिल्याच रविवारी ओळखलं. पण तुझ्याशिवाय ती म्हणणारं दुसरं कोण होतं? तुझ्या तोंडून का होईना, घरात ऐकू यायची. म्हणून गप्प राहिले. पण शब्द तुझ्याकडून मिळाले रे, आवाज कुठून आणू?"

"पुस्तक मी थांबवतो."

"थांबवू नकोस. त्यावर नाव त्यांचं घाल. आणि रविवारी सगळ्यांसमोर सांग. ते मी सांगणार नाही, तुलाच सांगावं लागेल."

गुरुवारी दुपारी स्टुडिओतल्या त्या मशीनसमोर एकच खुर्ची उरली होती. काकूंनी ती बाजूला सारली, बूट काढून दाराशी नीट लावले आणि गालिच्यावर मांडी घातली. सुमंतरावांनीही बूट काढले. मागे वळून पाहिलं तर गुरुदत्त दाराबाहेर अनवाणीच उभा होता, आत यायचं धाडस न होऊन.

"बाहेर काय उभा राहिलास," काकू न वळता म्हणाल्या. "ये, बैस. सुरू होतंय."

मशीन घरघरलं. आधी एक खोकला ऐकू आला. मग शशिकांतराव कुणाला तरी म्हणाले, "झांज जरा हळू धर, बाळा," आणि गायला लागले.