चौथी पहिली भेट

चांद्रतळावर पाठवायला एकच शेवाळतज्ज्ञ हवा होता. तिथल्या अकरा माणसांचा श्वास त्याच्या टाक्यांतल्या शेवाळावर चालणार होता. निवडीचा शेवटचा शब्द डॉ. हेमांगी तोरसकरांचा होता आणि यादी आज दुपारी एकला बंद होणार होती.

हेमांगीबाई न्यायी म्हणून प्रसिद्ध होत्या आणि ती प्रसिद्धी त्यांना जरा जास्तच आवडायची. उमेदवाराचं नाव-गाव परीक्षकाला कळू द्यायचं नाही, ही पद्धत त्यांचीच. आडनाव ऐकलं की आपली माणसं पुढचं सगळं मनातल्या मनात भरून टाकतात, असं त्या म्हणत. मुलाखतीत परीक्षकाच्या कपाळावर निर्णयक्षण-मापक लावायचा, हीसुद्धा त्यांचीच सूचना. माणसाचं मन नेमकं कधी ठरलं, ते हा मापक सांगे.

सतरा क्रमांकाचा उमेदवार मुलाखत देऊन बाहेर जाऊन बसला होता. बाईंनी त्याला नापास केलं होतं.

"चार सेकंद," मेंदूतज्ज्ञ डॉ. इकबाल मुजावर पडद्याकडे पाहत म्हणाले. "तुमचं ठरलं तेव्हा तो दारातच होता."

"शक्य नाही. मी त्याला दहा मिनिटं प्रश्न विचारले."

"विचारलेत, पण ठरवून झाल्यावर. ती दहा मिनिटं मेंदू कारण शोधत होता. आणि कारण नेहमी सापडतं, मॅडम."

यावर उपाय होता. पहिल्या पाच मिनिटांत मन ठरलं, तर ती भेट रद्द. परीक्षकाने कारण लिहून द्यायचं आणि तासाभराच्या आत भेट-विस्मारकाचं इंजेक्शन घ्यायचं. ती भेट आणि तिच्यानंतरचं बोलणं मनातून पुसलं जाई आणि उमेदवार पुन्हा नवा म्हणून समोर येई. अशी नवी भेट तीनदाच देता येई. चौथी भेट मात्र अखेरची; तिच्यानंतर परीक्षकाला हवं तर विसरण्यासाठी इंजेक्शन मिळे, पण नवी भेट मिळत नसे, आणि आधीच्या कारणांचा लखोटा उघडायचा, असा नियम होता.

मुजावरांनी तो लखोटा बाईंसमोर ठेवला. सतरा क्रमांकाची ही चौथी भेट होती.

आत तीन कागद होते, तिन्हींवर अक्षर बाईंचंच. पहिल्यावर, 'चहा बशीत ओतून प्यायला. शिस्त नाही.' दुसऱ्यावर, 'चहा नाकारला. ताठा आहे.' तिसऱ्यावर, 'चहा कपातून, फार जपून प्यायला. दिखाऊ.' आजचा कागद बाईंनी आत्ताच लिहिला होता, 'चहा अर्धा टाकला. धरसोड वृत्ती.' चारही कागदांवर निर्णयाची वेळ होती चार सेकंद, आणि चहा तर दुसऱ्या मिनिटाला यायचा.

बाईंचे कान तापले. मग चार सेकंदांत आपण पाहिलं तरी काय, असं त्यांनी विचारलं. मुजावरांनी चित्रफीत लावली. पन्नाशीचा एक माणूस दाराशी वाकला, कुणी न सांगता त्याने चपला काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या आणि अनवाणी आत आला. बस, एवढंच.



"माझे वडील प्राचार्यांच्या खोलीबाहेर असेच चपला काढून उभे होते," त्या म्हणाल्या. "मैत्रिणींनी विचारलं, कोण हे? मी म्हटलं, गावाकडच्या ओळखीचे आहेत. त्यांनी ऐकलं ते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही."

मुजावरांनी चष्मा पुसायला घेतला. "मला सांगितलंय. तीनदा. दर वेळी ही फीत पाहिलीत, दर वेळी अशीच लाज वाटली, आणि दर वेळी इंजेक्शनसाठी बाही वर केलीत."

बाईंनी हाताकडे पाहिलं. बाही कोपरापर्यंत वर सारलेली होती.

त्यांनी ती खाली ओढली, बटण लावलं आणि सतरा क्रमांकाने चाचणीसाठी इथे सांभाळलेल्या शेवाळाच्या टाकीची नोंदवही मागवली. मुलाखतीत पास झाल्याशिवाय कुणाची वही उघडायची नाही, हाही नियम त्यांचाच, आणि तो त्यांनी मोडला. आधी पास झालेल्या कुणाचंच शेवाळ चाळीस दिवसांपुढे तगलं नव्हतं. सतराचं नव्वदाव्या दिवशीही हिरवंगार होतं.

त्याला पुन्हा आत बोलावलं. विस्मारक घेण्याचा तास उलटून गेला तरी बाई विचारत राहिल्या आणि तो सांगत राहिला. शेवाळ थकलं की उजेड कमी करून त्याला विसावा द्यायचा, पाणी एकदम बदलायचं नाही, आणि टाक्यांच्या जवळपास चपला आणायच्या नाहीत, कारण बुरशी चपला-बुटांच्या तळांबरोबर येते. सगळे बूट घालून वावरतात, म्हणूनच बाकीच्या टाक्या मेल्या असतील, असं तो भीतभीतच म्हणाला. बाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

एकला दहा मिनिटं असताना त्यांनी निवडपत्रावर सही केली आणि त्याचं नाव विचारलं.

"दौलत कुमरे."

"कुमरे, तुम्हाला मी चार वेळा नापास केलं. तुम्ही तोंड उघडायच्या आधीच. मला त्याची फार लाज वाटते. आधीच्या तीन भेटी मला आठवतसुद्धा नाहीत."

कुमऱ्यांनी निवडपत्राची नीट घडी घातली.

"मला आठवतात, मॅडम," ते म्हणाले. "इंजेक्शन तुम्हालाच देत होते."