नवव्या दिवशीचा हिरवा दिवा

उत्तनला समुद्राच्या बाजूला बांबूंवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या आड उभी राहून संपदा आयुष्यातली शेवटची सिगारेट ओढत होती. जागा तिने विचार करून निवडली होती. बोंबलांच्या वासापुढे सिगारेटची काय मातब्बरी!

"माचिस आहे का?"

तिने दचकून सिगारेट पाठीमागे लपवली. अकरा वर्षांची सवय. समोर निळ्या शर्टातला एक उंच माणूस उभा होता, खांद्यावर बॅग, ओठांत न पेटलेली सिगारेट.

"मी ओढत नाही," ती म्हणाली.

तिच्या खांद्यामागून वर चढणाऱ्या धुराकडे तो शांतपणे बघत राहिला. "मग बोंबील पेटलेत वाटतं."

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी शरमेने कान तापले. तिने मुकाट लायटर पुढे केला.

"शेवटची?" त्याने विचारलं.

"शेवटची. तुमची?"

"माझीपण. सकाळपासून ही सातवी शेवटची."

दहा मिनिटांनी दोघंही टेकडीवरच्या एकाच फाटकातून आत शिरले.

आत उर्मिलाताईंचं केंद्र होतं. दहा दिवस तिथेच राहायचं आणि सिगारेट सोडायची. दारातच बॅगा तपासल्या जात, मग आलेल्या क्रमाने जोड्या लागत. रोज सकाळी सातला प्रत्येकाने एका छोट्या यंत्रात फुंकायचं. अंगात धूर असला की लाल दिवा, नसला की हिरवा. दोघांचा हिरवा लागला की फळ्यावर जोडीच्या नावापुढे दिवसाचा आकडा चढे. एकाने जरी ओढली, तरी दोघांचा आकडा पुसायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. दहा झाल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल नाही.

फळ्यावर खडूने लिहिलं गेलं : संपदा – कार्ल.

कार्ल उत्तनचाच. काशीमीऱ्याच्या गॅरेजमध्ये ट्रकची वायरिंग करायचा. गच्चीवरून त्याच्या चर्चचा क्रॉस दिसे. दहावा दिवस रविवारी येत होता, आणि त्याच सकाळी त्या चर्चमध्ये त्याची बहीण पर्ल हिच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. धर्मपिता म्हणून कार्लने उभं राहायचं होतं.

"पर्लने सांगितलंय, सिगारेटच्या बोटांनी माझ्या पोरीला हात लावायचा न्हाय," तो म्हणाला. "बरोबर आहे तिचं. तू का आलीस?"

"घरी कुणाला माहीत नाही म्हणून," संपदा म्हणाली. नवघरच्या त्यांच्या सोसायटीत तिचे बाबा, पंढरीनाथ, सेक्रेटरी होते. त्यांना तिने ऑफिसचं ट्रेनिंग पुण्याला आहे असं सांगितलं होतं. "मी ओढते, मग वेलची खाते, मग हात धुते, मग घराची बेल वाजवते. अकरा वर्षं."

तो हसला नाही. खिशातून लाल वायरचा तुकडा काढून त्याने तिला एक छोटी वेणी वळून दिली. "बोटं रिकामी राहिली की मागतात. ही फिरवत बस."

तिसऱ्या दिवशी त्याचे हात इतके थरथरले, की चहा बशीत सांडला. तिने कप धरला, त्याने ओठ लावले... आणि चहा संपल्यावरही कप दोघांच्या हातात तसाच राहिला.

"मी कप सोडू का?" तिने विचारलं.

"घाई आहे?"

"उर्मिलाताई बघतायत."

"बघू देत. उपचार चाललाय."

आठवा दिवस. रोज संध्याकाळी पाच वाजता घरी फोन करायची मुभा होती. बाबा खुशीत होते. "अगं संपू, शेजारच्या अनसूयाकाकू विचारत होत्या. म्हटलं, सगळ्या ऑफिसातून आमच्या पोरीलाच निवडलंय! गणपतीच्या मीटिंगमध्येपण सांगितलं मी."

फोन ठेवल्यावर संपदा तडक खोलीत गेली. बॅग तपासताना एका पाकिटात कुणी हात घातला नव्हता – सॅनिटरी पॅडच्या. त्यात एक सिगारेट आणि चार काड्या होत्या. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे तिने ती ओढली. चव घाण लागली, तरी शेवटपर्यंत ओढली. मग वेलची खाल्ली. मग हात धुतले.

जेवताना कार्लने तिच्याकडे एकदा बघितलं आणि ताटाकडे मान वळवली.

सकाळी सातला तिने यंत्रात फुंकलं. लाल दिव्याची वाट बघत ती डोळे मिटून उभी होती. लाल लागला की सगळं आपोआप होईल, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही... पण मधल्या चौदा तासांत धूर उतरून गेला होता. हिरवा. टाळ्या वाजल्या. उर्मिलाताईंनी फळ्यावर नऊचा आकडा काढला. कार्लही टाळ्या वाजवत होता, तिच्याकडे न बघता.

अजून एक सकाळ, आणि तो पांढरा शर्ट घालून चर्चमध्ये उभा राहणार होता. गप्प राहणं सोपं होतं, चांगुलपणाचंसुद्धा वाटत होतं. तेवढ्यात संपदाला कळलं, की घराच्या दाराशीही आपण हेच करतो. हात धुतो आणि बेल वाजवतो.

नाश्त्याच्या टेबलाशी ती उभी राहिली.

"मी काल ओढली," ती म्हणाली. "टाकीमागे. पॅडच्या पाकिटात लपवून आणली होती. कार्लला माहीत नव्हतं."

कुणाचा तरी चमचा खाली पडला.  उर्मिलाताईंनी उठून फळ्यावरचा नऊ पुसला.

"मॅडम, त्यांचा उद्या... भाचीचा..." संपदा म्हणाली.

"माहीत आहे मला. पण नियम उद्यासाठी मोडला, तर परवा कुणासाठी नाही म्हणू?" त्या हळूच म्हणाल्या.

कार्ल तिला गच्चीवर सापडला. टाकीला पाठ लावून बसला होता. ती चार हात लांबच थांबली.

"शिव्या दे," ती म्हणाली.

"कुणाला? मला कालच कळलं होतं."

"काय?"

"जेवताना. वेलची." त्याने मान खाली घातली. "तूच सांगितलं होतंस. म्हणजे मला कळलं, आणि मी गप्प बसलो. रविवार हवा होता मला. तू एकटी तळमळत असशील, हे दिसत होतं आणि मी... टाळ्या वाजवल्या. शिव्या खायच्यात तर दोघं मिळून खाऊ."

 मग ती त्याच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा जेमतेम लागेल इतकी.

रविवारी सकाळी फळ्यावर एक लिहिलं गेलं. चर्चची घंटा वाजली तेव्हा कार्ल गच्चीच्या कठड्याला धरून उभा होता. चर्चमध्ये त्याच्या जागी चुलत भाऊ लेस्ली उभा राहिला. संपदा वायरची वेणी बोटांवर फिरवत त्याच्या बाजूला थांबली.

अकराच्या सुमाराला फाटकाशी रिक्षा थांबली. पर्ल उतरली, कडेवर पांढऱ्या झग्यातली पोर.

"हात दाव," तिने फाटकापलीकडून भावाला फर्मावलं. त्याची बोटं हुंगली. "साबणाचा वास हाय. पण तू आला न्हायस ना रे..."

"चूक माझी आहे," संपदा पुढे झाली. "मी सिगारेट ओढली, म्हणून त्यांचे दिवस गेले."

हे वाक्य तिने अनोळखी बाईसमोर, भर उजेडात म्हटलं होतं आणि आभाळ कोसळलं नव्हतं. पर्लने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हीच का ती, चहाच्या कपवाली? फोनवर दुसरं काय बोलतच न्हाय हा."

कार्लचे कान लाल झाले. पर्लने हात पुढे केला. "तुझा पण दाव."

संपदाने हात पुढे केला. पर्लने हुंगलं, क्षणभर विचार केला आणि फाटकावरून पोर आधी भावाच्या हातात दिली.

"दोघं मिळून धरा," ती म्हणाली. "पाडाल न्हायतर."

पोरीने लाल वायरची वेणी मुठीत पकडली. कार्ल तिच्या डोक्यावरून संपदाकडे बघून पुटपुटला, "खरं सांगू? अजून दहा दिवस म्हटल्यावर वाईट वाटायला हवं होतं. तेवढं वाटलं नाही."

"का?"

"आज दोघं बाहेर पडलो असतो, आणि तुला सोडून मला घरी जावं लागलं असतं. ते जमलं नसतं."

संपदाने मान खाली घातली, पण हात काढून घेतला नाही.

संध्याकाळी पाच वाजता तिने नवघरचा नंबर लावला. कार्ल शेजारी भिंतीला टेकून उभा होता.

"बाबा," ती म्हणाली, "मी पुण्याला नाहीये."